नजर मागच्या पोरावर

क्रॉसकंट्रीच्या शर्यतीत मास्तरने उभं राहायचं कुठे? नवखा पीटीचा शिक्षक शेवटच्या रेषेपाशी जाऊन थांबतो. हातात स्टॉपवॉच, खिशात मोबाइल. शाळेचा पहिला पोरगा आला की पाठीवर थाप, खांद्यावर हात, फोटो. मुरलेला मास्तर रेषेच्या तीन-चारशे मीटर अलीकडेच एखाद्या मोहाच्या झाडाखाली उभा असतो. पहिला पोरगा समोरून गेला तरी तो त्याच्याकडे फारसं पाहत नाही. त्याची मान वळलेली असते पोरं येतात त्या दिशेला, आणि ओठ हलत असतात. तो मोजत असतो.

हे मोजणं म्हणजे अर्धा खेळ. मैदानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती ज्याच्या त्याच्या; क्रॉसकंट्री मात्र एकट्याचीही असते आणि संघाचीही. शेतातून, टेकडीवरून, चिखलातून सगळे एकदम सुटतात. ज्याचा जो क्रमांक, तेवढे त्याचे गुण. संघातल्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी, तो संघ जिंकला. जागतिक स्पर्धेत सहा जण उतरतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांत सात धावतात, पाच मोजतात. समजा, चौघांची बेरीज धरायची आहे. एका शाळेची पोरं पहिली, दुसरी, चौदावी आणि एकोणिसावी आली. बेरीज ३६. दुसऱ्या शाळेचं पहिल्या चारांत कुणीच नाही. पाचवा, सहावा, सातवा आणि नववा. बेरीज २७. पदक पहिल्या शाळेच्या पोराच्या गळ्यात, पण ढाल दुसऱ्या शाळेच्या कपाटात. पहिल्या पोराला आणखी दहा सेकंद वेगवान करून त्या शाळेला काहीही मिळत नाही, कारण पहिल्याच्या वर क्रमांकच नसतो. एकोणिसाव्याने मात्र थोडा दम धरला असता, तर त्याने एका झुंडीतल्या सात-आठ पोरांना सहज मागे टाकलं असतं. शर्यतीच्या मधल्या आणि मागच्या भागात पोरं दाटीने धावतात. तिथे पाच सेकंदांत पाच क्रमांक फिरतात.

या हिशोबाचं सर्वांत भीषण उदाहरण पॅरिसचं आहे. १२ जुलै १९२४, ऑलिंपिकमधली क्रॉसकंट्री. पारा ४० अंशांच्या पुढे गेल्याचं सांगतात. ३८ जण सुटले, १५ पोहोचले. बाकीचे वाटेत कोसळले, भरकटले, स्ट्रेचरवर गेले. फिनलंडचा पावो नुर्मी काहीच घडलं नसल्यासारखा पहिला आला, त्याचाच सहकारी विले रितोला दुसरा. पण संघाच्या सुवर्णपदकासाठी तिसरा माणूस लागत होता. हा तिसरा, हेइकी लीमाटाइनेन, भोवळ आलेल्या अवस्थेत अडखळत, कसाबसा बारावा आला आणि फिनलंडला सुवर्ण मिळालं. इतिहासाने नुर्मीचं नाव लक्षात ठेवलं. त्या दिवसानंतर क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून गेली ती आजतागायत परतलेली नाही.

उन्हाने मारलेला खेळ आणि उन्हाचा जिल्हा, ही जोडी तशी विचित्रच. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो. पण याच जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत विदर्भातली सर्वांत कडक थंडी पडल्याच्या बातम्याही येतात, आणि राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा बहुधा जानेवारीतच असते. म्हणजे वेळापत्रक निसर्गानेच लावून दिलेलं आहे. ते वाचता मात्र आलं पाहिजे.

पूर्वी भंडाऱ्यात असलेला हा भाग १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. आठ तालुके, धानाचं कोठार, पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. धावणं इथे नवं नाही. पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर जा, पोरं धावताना दिसतील. ही भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. वनरक्षकाच्या परीक्षेत मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. घरात एक पगार यावा म्हणून धावणं, यात कमीपणाचं काहीच नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत धावण्याची संस्कृती टिकवली असेल तर ती भरतीने, क्रीडा संघटनांनी नव्हे. पण भरतीच्या धावण्याला दोन सवयी चिकटलेल्या असतात आणि शाळेतली पोरं त्या मोठ्या भावांकडून उचलतात. एक, रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळायचं आणि घड्याळ बघायचं. दुसरी, शेजारी धावणारा हा मित्र नसून एका जागेचा दावेदार आहे असं मानायचं. क्रॉसकंट्रीच्या मास्तरला आधी या दोन्ही सवयी सोडवाव्या लागतात.

जीव तोडून रोज पळणाऱ्याचा वेग काही आठवडे वाढतो, मग थांबतो, मग नडगीचं हाड दुखायला लागतं. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या चपलांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने १९५० च्या दशकात उलट वाट धरली. आधी महिनोन्महिने लांब, सावकाश धावणं, वेग शेवटी. त्याच्या हाताखालच्या पीटर स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा जगाने कान टवकारले. लिडियार्डची मोठ्यांची अंतरं शाळकरी पोरांना लावायची नाहीत, पण तत्त्व लागू पडतं. आठवड्यातले बहुतेक दिवस पोराला धावता-धावता शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मास्तरने सायकलवर बाजूने जात विचारायचं, काल रात्री काय जेवला रे? उत्तर एका शब्दात आलं तर थांबवायचं.

वेगाचा सराव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात, नुर्मीच्या फिनलंडकडून सतत हरणाऱ्या आपल्या संघासाठी ‘फार्टलेक’ नावाची पद्धत काढली. अर्थ सरळ आहे: वेगाशी खेळणं. कधी जोरात, कधी सावकाश, घड्याळाची सक्ती नाही. आपल्याकडे विजेचे खांब आहेत. दोन खांब जोरात, एक खांब हळू. पुढचा खांब कुठला जोराचा, हे आळीपाळीने एकेका पोराने ओरडून सांगायचं. मागे पडणाऱ्या पोरालाही ओरडायची पाळी द्यायची. तो लबाडी करून लांबचा खांब सांगत नाही, जवळचा सांगतो, आणि मग पुढच्यांना त्याच्या वेगाची जाणीव होते.

धावायला जागा कुठली? या जिल्ह्याच्या नशिबात तलाव आहेत. मालगुजारीच्या काळातले, आता ‘मामा तलाव’ म्हणून सरकारी कागदांत वावरणारे, गावोगावचे तलाव. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधला असं परंपरा सांगते. तलावाची पाळ म्हणजे क्रॉसकंट्रीवाल्यासाठी देणगीच. माती घट्ट पण डांबरासारखी कडक नाही, थोडा चढ, थोडा उतार, एका बाजूला पाणी, आणि उभं राहिलं की शेवटचा पोरगा कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. देवरी, सडक अर्जुनीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला पोरांना धावायला नेणाऱ्या मास्तरला मी तरी शहाणा म्हणणार नाही. जंगलाचंही तसंच. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, पण माझ्या मते पहाटे धावणाऱ्याने वाघापेक्षा अस्वलाला जास्त भ्यावं; मोहफुलांच्या दिवसांत तर नक्कीच. उजाडल्यावर, घोळक्याने, बोलत धावलं की जनावर आधीच बाजूला होतं. इथे गप्पांचा दुसरा उपयोग.

पाळीवरचा एक सराव मला फार आवडतो. सगळ्यांनी एकदम सुटायचं. दहा मिनिटांनी मास्तर शिट्टी वाजवतो. जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं आणि सुरुवातीच्या जागी यायचं. शिट्टीबरोबर सगळ्यात मागचा पोरगा सगळ्यात पुढे होतो! आता पुढच्यांना त्याला गाठायचं आहे आणि त्याला पाठीमागे पावलं ऐकू येताहेत. ज्याने जाताना आणि येताना सारखाच वेग राखला तो बरोबर विसाव्या मिनिटाला पोहोचेल. जो आरंभी उधळला तो उशिरा येईल. पहिल्या चारशे मीटरमध्ये सगळं उधळून टाकणं हा शाळकरी पोरांचा जन्मजात रोग. भाषणाने तो जात नाही, पण या शिट्टीने तीन-चार आठवड्यांत बराच उतरतो.

आता वेळापत्रक. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा. म्हणजे पोरं शाळेत येतात आणि लगेच पऱ्हे उपटायची, रोवणीची वेळ येते. जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्धा संघ बांधीत असतो. यावर हजेरीचा दंडुका उगारणारे शिक्षक आहेत. पण चिखलात दिवसभर वाकून पाय ओढलेल्या पोरीला संध्याकाळी वर पाच किलोमीटर पळायला सांगणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. तिचा व्यायाम झालेला असतो. त्या दिवशी तिला झोप आणि भाकरी-भात हवा.

कॅलिफोर्नियातल्या मॅकफार्लंड गावचे जिम व्हाइट हे समजून होते. तिथली पोरं मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांची, आईबापांबरोबर शेतात राबणारी. व्हाइट सर सायकलवर त्यांच्याबरोबर निघायचे, त्यांच्या शेतीकामाच्या वेळा धरून सराव लावायचे. १९८७ मध्ये या शाळेने राज्याची क्रॉसकंट्री जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत मिळून नऊ वेळा. २०१५ मध्ये यावर सिनेमा निघाला. सिनेमात मास्तर गावात नुकताच आलेला दाखवलाय. खरे व्हाइट त्याआधी कित्येक वर्षं तिथेच शिकवत होते. सिनेमाला एवढा धीर नसतो.

रोवणी झाली की ऑगस्टच्या मध्यापासून लांब, सावकाश धावणं सुरू करायचं. हवेत दमटपणा भरलेला असतो आणि घाम वाळत नाही. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो उडून जावा लागतो. भरल्या बांध्यांच्या मधोमध तो अंगावरच निथळत राहतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर अंतर निम्मं. ढग गडगडले की सराव बंद, उघड्या पाळीवरून सगळ्यांनी खाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलका धान, मग भारी धान कापला जातो. कापणी संपली की बांध्या मोकळ्या होतात आणि गावाभोवती आयतं मैदान तयार. धुऱ्यांवरून उड्या, धसकटांतून धाव, तणसाच्या ढिगाला वळसा. जगातल्या नामांकित क्रॉसकंट्री स्पर्धांत असे अडथळे मुद्दाम रचतात.

आता जे सांगायचं आहे ते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं.

पूर्व विदर्भ हा देशातल्या सिकलसेलच्या मोठ्या पट्ट्यांपैकी एक. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मजात एक बदल असतो; प्राणवायू कमी पडला, शरीरातलं पाणी आटलं, अंग तापलं की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही हा बदल आला तर मूल ‘ग्रस्त’. एकाकडूनच आला तर ‘वाहक’. ग्रस्त मुलाला शर्यतीत उतरवायचं की नाही हे डॉक्टरांनीच सांगायचं, मास्तरने नाही. वाहक पोरगा मात्र इतरांसारखाच हिंडतो, खेळतो, आणि बहुतेकदा त्याला काहीच होत नाही.

बहुतेकदा. अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावात एकामागून एक वेगाच्या फेऱ्या मारताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो वाहक होता, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंची सिकलसेल चाचणी होऊ लागली. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपटीच्या आसपास निघाला. मृत्यू का वाढले नाहीत? त्या लष्करात ऊन, पाणी आणि विश्रांती यांचे नियम सगळ्यांनाच लागू होते. वाहक कोण, हे न विचारता.

गोंदियातल्या मास्तरने उचलायचा धडा तो हाच. आपल्याकडे सिकलसेलचं कार्ड ही नुसती आरोग्याची बाब नाही. लग्न जुळवताना ही कार्डं बघतात, आणि बघावीतच. पण नववीतल्या पोरीचं कार्ड प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तर ते गावभर होतं आणि पोरगी उद्यापासून मैदानावर येत नाही. चाचणी करून घ्यावी, आरोग्य केंद्राची मदत घ्यावी, कागद बंद कपाटात ठेवावा. मैदानावर नियम मात्र सर्वांना एकच: तहान लागण्याआधी पाणी, दोन जोराच्या धावांत भरपूर विश्रांती, ताप असेल तर घरी, आणि शिक्षा म्हणून पळवणं पूर्ण बंद. उशीर झाला की दहा चकरा, ही आपल्या शाळांची जुनी खोड या जिल्ह्यात तरी मोडलीच पाहिजे.

आणि डोळा मागच्यावर. वाहक पोरगा कोसळतो तेव्हा नाटकी काही होत नाही. पायात गोळा आला तर पोरगं ओरडतं, स्नायू दगडासारखा लागतो. इथे पाय नुसते जड होतात, दुखतात, हाताला मऊच लागतात. पोरगा हळूहळू मागे पडतो, शुद्धीवर असतो, बोलत असतो, म्हणतो की सर, पायांत जीवच नाही. याच वेळी ‘ढोंग करू नको, चल’ असं म्हणणारा मास्तर जीव घेऊ शकतो. सावलीत घ्या, अंग गार करा, पाणी द्या आणि दवाखान्यात न्या. नंतर लघवी काळपट-तांबडी झाली तर थोडाही उशीर नको. आळस आणि आजार लांबून सारखेच दिसतात. म्हणून जवळ जावं लागतं.

मुलींबाबत आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. सप्टेंबरात चांगली धावणारी पोरगी नोव्हेंबरात विनाकारण मागे पडायला लागली, तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते की वहीत ठेवते, हे मॅडमना विचारायला सांगा. सिकलसेल ग्रस्त मुलीला मात्र ती डॉक्टरांना विचारूनच.

एवढं सगळं करायला मोठा प्रशिक्षक लागतो का? केनियातल्या इटेन गावच्या सेंट पॅट्रिक हायस्कुलात १९७६ मध्ये कोल्म ओ’कॉनेल नावाचे आयरिश ब्रदर भूगोल शिकवायला आले. अ‍ॅथलेटिक्सचं कसलंही शिक्षण नव्हतं. पोरांकडे बघत बघत ते शिकले. त्यांच्या शाळेतून पीटर रोनो निघाला, १९८८ चा १५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता. पुढे डेव्हिड रुडिशाही त्यांच्याच हाताखाली घडला. इटेन समुद्रसपाटीपासून २४०० मीटरवर आहे, गोंदिया जेमतेम ३०० वर, तेव्हा तुलना ताणू नये. पण नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊतही हिमालयात वाढलेली नाही. विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती घडली, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ३३:०५.२८ अशी वेळ देऊन कांस्य जिंकली, आणि दीड महिन्यात ग्वांगजोच्या आशियाई स्पर्धेत ३१:५१.४४ मध्ये रौप्य. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्या सेकंदभरही पुढे नव्हती. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेला, सियाचीनला राहिला, आणि विशीत लष्करी क्रॉसकंट्रीतून वर आला, स्टीपलचेस नंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळ देऊन रौप्य घेतलं.

फेब्रुवारी उलटला की इथला संघ विरघळतो. परीक्षा, मग मोहफुलं, मग तेंदूपत्ता. पोरं पहाटे चारला टोपली घेऊन निघतात. मास्तरने त्या काळात फक्त एक करावं, वही सांभाळावी. जानेवारीतल्या शेवटच्या शर्यतीची यादी त्या वहीत असते, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा ती यादी खालून वाचायला घ्यायची. सतरावा आता पहिल्याएवढा उंच झालेला असतो. बारावी आलेली पोरगी दम न लागता बोलते. तिसऱ्याने शाळा सोडली, तो नागपूरला कामाला गेला. त्याच्या घरी जाऊन यायचं. आणि चौथ्याचे बूट लहान झालेले असतात, ते सतराव्याच्या धाकट्या भावाला येतात का, हे बघायचं.